पुढचे शिक्षण आणि दिलसुखनगरच्या पाट्या

पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला ‘पुढे काय?’ असे विचारले तर तो बहुधा एखाद्या ठिकाणाचे नाव सांगतो. अमेरिका, जर्मनी, निदान हैदराबाद. विषयाचे नाव सांगणारा विरळा, आणि त्या विषयात कोणाच्या हाताखाली शिकायचे आहे हे सांगणारा तर मला आजवर दोनदाच भेटला. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची निवड हा आपल्याकडे प्रवासाचा प्रश्न झाला आहे, अभ्यासाचा राहिलेला नाही. माझे हे मत दिलसुखनगरात दोन वर्षे राहिल्यावर बनले, आणि ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः प्राध्यापकवर्गापुढे, मांडावे म्हणून हा लेख.

बिदर, भालकी, उदगीरकडची गाडी हैदराबादला इमलीबनच्या बसस्थानकात येते. तिथून मेट्रोने चौथे स्थानक दिलसुखनगर. विजयवाड्याकडे जाणाऱ्या या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना, मलकपेटपासून पार चैतन्यपुरीपर्यंत, मुलामुलींची वसतिगृहे, खानावळी, झेरॉक्सची दुकाने आणि शिकवणीवर्ग यांची दाटी आहे. सरकारी नोकरीच्या परीक्षांचे वर्ग एका मजल्यावर, बँकेच्या परीक्षांचे दुसऱ्यावर, आणि त्यांच्या वर कुठेतरी ‘ओव्हरसीज’ अशी पाटी. त्या पाटीखाली पदवीची टोपी घातलेली हसरी मुलगी, मागे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, आणि ‘व्हिसा नक्की’ असे आश्वासन. मेट्रोच्या खांबांवरही तेच. संध्याकाळी साईबाबांच्या देवळाकडे जाणाऱ्या गर्दीतून वाट काढताना चार पत्रके तरी हातात पडतात. मी ती जमवली होती. एकाही पत्रकावर एकाही शिक्षकाचे नाव नव्हते.

शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरणे आपल्या भागाला नवे नाही. निजामाच्या राज्यात पाच मराठी जिल्हे होते आणि तीन कन्नड. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया हे त्या साऱ्यांचे विद्यापीठ. औरंगाबादला विद्यापीठ झाले १९५८ मध्ये, गुलबर्ग्याला १९८० मध्ये, नांदेडला १९९४ मध्ये. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांतल्या वाचकांचे आजोबा-पणजोबा एकाच उस्मानियाच्या पायऱ्या चढले असतील. त्यांना निवडीचा प्रश्नच नव्हता. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले, तेव्हा त्यांना आसरा दिला नागपूर विद्यापीठाने. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. जिथे दार उघडे होते तिथे ती पिढी गेली आणि शिकली. आज दारे शेकड्यांनी उघडी आहेत, आणि कुठल्या दारातून जायचे हे मात्र दुसराच कोणीतरी सांगतो.

हा ‘दुसराच कोणीतरी’ कसे काम करतो ते मी एका सोबत्याच्या निमित्ताने जवळून पाहिले. मुलगा उमरग्याकडचा, माझ्याच खोलीत राहणारा. बी.एस्सी. झालेला, विषय भौतिकशास्त्र आणि भूशास्त्र. त्याच्याबरोबर मी एका सल्ला-केंद्रात गेलो. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी गुणांची टक्केवारी विचारली, वडिलांचे उत्पन्न विचारले, तारण ठेवायला घर किंवा प्लॉट आहे का ते विचारले, आणि दहा मिनिटांत बारा विद्यापीठांची यादी छापून हातात दिली. यादीचे तीन भाग : ‘ड्रीम’, ‘टार्गेट’ आणि ‘सेफ’. बाराही ठिकाणी अभ्यासक्रम एकच, ‘बिझनेस अॅनॅलिटिक्स’. मित्राने भीतभीत विचारले, “सर, माझा विषय भूशास्त्र आहे.” उत्तर आले, “त्याला मार्केट नाही बाबू.” तेवढ्यावर संभाषण संपले. रात्री घरून फोन आला. वडील विचारत होते, “काय म्हणले रं ते सर? जमंल म्हणले का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. जमेल की नाही एवढेच त्यांना कळायचे होते. पण काय जमवायचे आहे, हे त्या दिवसभरात कोणीच विचारले नव्हते.

आता या केंद्रांचा जमाखर्च पाहू. पुष्कळ ठिकाणी ‘समुपदेशन मोफत’ अशी पाटी असते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथील बहुसंख्य विद्यापीठे, आणि अमेरिकेतीलही बरीच, विद्यार्थी मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला दलाली देतात, आणि ती बहुधा पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या टक्केवारीत असते. म्हणजे शुल्क जितके मोठे तितकी दलाली मोठी. जे विद्यापीठ दलाली देत नाही त्याचे नाव यादीत येण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेत या पद्धतीचा धोका ओळखलेला आहे. ज्या महाविद्यालयांना सरकारी विद्यार्थी-साहाय्य मिळते त्यांनी विद्यार्थी आणून देण्याबद्दल दलाली देऊ नये, असा कायदाच तिथे १९९२ मध्ये झाला. मात्र परदेशात राहणारे परदेशी विद्यार्थी त्यातून वगळले. आपल्या मुलांचे संरक्षण करायचे आणि दिलसुखनगरच्या मुलांचे नाही, असा याचा साधा अर्थ. त्यांनी त्यांच्यापुरते पाहिले, त्यात नवल नाही. आपण आपल्यापुरते पाहावे की नाही, हा प्रश्न आहे.

पाहिले नाही तर काय होते, याचे दाखले याच शहराला चांगले ठाऊक आहेत. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी’वर छापा पडला. तिथले बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते, आणि त्यांतले बरेच तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले. काहींच्या पायांना रेडिओचे पट्टे बांधले गेले. भारत सरकारने त्याचा निषेधही केला. विद्यापीठ चालवणाऱ्या बाईंना २०१४ मध्ये सोळा वर्षांहून अधिक काळाची शिक्षा झाली. या संस्थेला परदेशी विद्यार्थी बोलावण्याचा सरकारी परवाना होता, पण शैक्षणिक मान्यता नव्हती. परवाना आणि मान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे किती पालकांना ठाऊक असते?

त्यानंतर २०१६ मध्ये न्यू जर्सीतील आणि २०१९ मध्ये मिशिगनमधील ‘फार्मिंग्टन’चे प्रकरण बाहेर आले. ही दोन्ही विद्यापीठे तर अमेरिकी सरकारनेच दलालांना पकडण्यासाठी सापळा म्हणून उभी केली होती. पहिल्यात १,०७६ नावे नोंदलेली होती, दुसऱ्यात सुमारे ६००, आणि या दुसऱ्या यादीत तेलुगु मुलेच फार. फार्मिंग्टनचे नाव मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीतही होते, कारण सरकारनेच ते घालायला लावले होते. मुलांना सारे ठाऊक होते असे सरकारचे म्हणणे. आम्ही फसलो असे अनेक मुलांचे म्हणणे. त्या वादात मी शिरत नाही. मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. संकेतस्थळ होते, बोधचिन्ह होते, मान्यतेची नोंद होती, शुल्काची पावती होती. शिक्षक मात्र एकही नव्हता, आणि वर्ग एकही भरत नव्हता. ‘मला कोण शिकवणार?’ हा एक प्रश्न विचारला असता तर साऱ्या देखाव्याचे बिंग फुटले असते.

आपल्याकडेही खोट्या विद्यापीठांची उणीव नाही. विद्यापीठ अनुदान आयोग त्यांची यादी प्रसिद्ध करत असतो, आणि आपल्या सीमाभागातल्या गोकाकच्या एका ‘जागतिक मुक्त विद्यापीठा’चे नाव त्या यादीत वर्षानुवर्षे होते. जग फार लांब नसते, ते असे.

तेव्हा माझे म्हणणे असे, की अभ्यासक्रम निवडताना सुरुवात शिक्षकांपासून करावी. देश, शहर, क्रमांक हे सारे नंतर. विभागाच्या पानावर शिक्षकांची नावे असतात. प्रत्येकाने गेल्या पाच वर्षांत काय लिहिले ते पाहावे. सगळे समजणार नाही, पण कोणत्या प्रश्नांवर माणूस काम करतो आहे एवढे समजते. आपल्या देशातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात फुकट वाचायला मिळतात. ज्या विभागात जायचे आहे तिथले दोन-तीन प्रबंध उघडून पाहिले तर माहितीपुस्तिकेतल्या गोड शब्दांपेक्षा अधिक कळते : मार्गदर्शक कोण, प्रयोगशाळेत कोणती उपकरणे, विद्यार्थ्याने काम स्वतः केले की उसने आणले. आणि मग तिथे सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला पत्र लिहावे. पत्राला उत्तर येत नाही असा समज आहे. विद्यापीठाबद्दल नेमका प्रश्न विचारला तर पुष्कळदा येते. ‘प्लीज गाइड मी’ एवढेच लिहिले तर येत नाही, आणि येऊही नये.

आपल्यापुढे याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पदवीला लागतील तेवढेच विषय घेऊन ते थांबले नाहीत. तीन वर्षांत एकट्या अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. त्यांच्यापुढे सेलिग्मन होते, ड्यूई होते. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. ‘मी कोलंबियाचा’ असे सांगणारे पुष्कळ झाले असतील. सेलिग्मनचा विद्यार्थी म्हणून ओळखले जाणे ही निराळी गोष्ट आहे. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या आमच्या पिढीने हा भाग अभ्यासला पाहिजे.

क्रमांकांविषयी थोडे. यादीत शंभराच्या आत आहे की नाही, यावर वसतिगृहांच्या गच्चीत रात्र-रात्र वाद होतात. क्यूएस या जगप्रसिद्ध यादीत ‘प्रतिष्ठा’ या सदराला २०२४च्या आवृत्तीपासून शंभरातले तीस गुण आहेत. त्याआधी चाळीस होते. प्रतिष्ठा म्हणजे प्राध्यापकांना विचारून घेतलेले मत. शिवाय तो क्रमांक सबंध विद्यापीठाचा असतो. वैद्यकशास्त्रात नावाजलेल्या विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग दोन शिक्षकांचाही असू शकतो. आपल्या सरकारची एनआयआरएफ यादी २०१६ पासून निघते. तिच्यात विषयवार भाग आहेत, तेवढी ती बरी. तरी यादीने वीस नावे हाताशी येतात, त्यापलीकडचे काम आपले.

पैशाची बाजू मी शेवटी ठेवली, पण ती लहान नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांपैकी १,९६,५६७ पदव्युत्तर शिक्षण घेणारे. यातले बहुतेक एम.एस.ला स्वखर्चाने जातात, म्हणजे कर्ज काढून. त्याच देशात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विज्ञान विषयांत बहुधा शुल्क माफ असते आणि निर्वाहापुरते वेतनही मिळते. ही गोष्ट दिलसुखनगरच्या कोणत्याही पाटीवर मी वाचली नाही, कारण शुल्कच नसेल तर दलाली कशाची? जर्मनीत सरकारी विद्यापीठे बहुतांशी शुल्क घेत नाहीत (बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांत २०१७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेऊ लागला), पण वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. हे आकडे एका कागदावर मांडून घरच्यांपुढे ठेवले पाहिजेत. नोकरी लागली की फिटेल, या भरवशावर घर गहाण ठेवणे हा हिशोब नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क अचानक जाहीर झाले, त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या खानावळीत कोणी धड जेवले नाही. परवान्याचे नियम एका सहीने बदलतात. दोन वर्षांत जे शिकलो ते कोणाच्या सहीने पुसले जात नाही, म्हणून ते तरी मनाजोगे असावे.

आता पुन्हा त्या उमरग्याच्या मित्राकडे वळतो. त्याला भूशास्त्र का हवे होते, हे मी एकदा निवांतपणे विचारले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. पण त्याच्या घरात कालगणनाच ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशी चालते. दख्खनच्या पठाराचा हा काळा खडक स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होणार नाही, असे मानले जात होते, आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. असे का झाले, हा त्याचा प्रश्न. बारा विद्यापीठांच्या त्या यादीत या प्रश्नाला जागा नव्हती. आणि गंमत अशी की दिलसुखनगरपासून काही किलोमीटरवर, उप्पल रस्त्याला, १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था उभी आहे. किल्लारीनंतर त्या भागात जमिनीत खोल भोक पाडून खडकाचा अभ्यास करणारी हीच संस्था. उस्मानियात भूभौतिकीचा स्वतंत्र विभाग आहे. दीड वर्ष तो त्या परिसरात राहिला आणि यांतले एकही नाव त्याच्या कानावर आले नव्हते. पण जिथे कधी पाऊल ठेवायचे नव्हते अशा अमेरिकी गावांची नावे त्याला पाठ होती.

पुढे आम्ही दोघांनी एक वही केली. एका पानावर एक विभाग. शिक्षक, त्यांचे काम, अभ्यासक्रमातले विषय, खर्च, मिळणारे साहाय्य, आणि सर्वांत खाली ‘इथे माझ्या प्रश्नावर कोणी काम करते का?’ बावीस पाने भरली. त्यातून सहा उरली. त्यांतली चार भारतातली होती, दोन जर्मनीतली. चिलकूरच्या बालाजीला व्हिसासाठी अकरा प्रदक्षिणा घालतात आणि व्हिसा मिळाला की एकशे आठ. आम्ही म्हणायचो, आपल्या प्रदक्षिणा आधीच झाल्या.

सल्ला-केंद्रांवर मी इतके लिहिले, पण त्यांची एक बाजू मान्य केली पाहिजे. भालकी किंवा निलंग्याच्या मुलाला ‘पुढे काय?’ हा प्रश्न विचारायला दुसरी जागा नसते. तिथे निदान कोणी खुर्ची देते, पाणी विचारते, आणि उत्तर देते. महाविद्यालयात ते मिळत नाही. आमच्याकडे शिफारसपत्राची काय रीत आहे हे सर्वांना ठाऊक आहे. मुलगा छापील मजकूर घेऊन येतो, तो मजकूर कोणत्यातरी केंद्राने लिहिलेला असतो, आणि सर तो वाचून, कधी न वाचताही, सही करतात. त्याच केंद्राने मुलाचे ‘उद्देशपत्र’ही लिहिलेले असते. म्हणजे विद्यार्थी स्वतःविषयी काय म्हणतो आणि शिक्षक विद्यार्थ्याविषयी काय म्हणतो, ही दोन्ही पत्रे एकाच टेबलावर तयार होतात, आणि ती वाचणारा समिती-सदस्य मूर्ख असतो असे आपण गृहीत धरतो. एकाच शहरातून एकाच वाक्याने सुरू होणारी चाळीस पत्रे आली की त्याला काय वाटत असेल?

प्राध्यापकांवर कामाचा बोजा आहे, तो मला दिसतो. शंभर मुलांची पत्रे कोण लिहिणार, हा प्रश्नही खरा आहे. पण वर्गात शंभर असली तरी बाहेर अर्ज करणारी दहाच असतात. त्या दहांसाठी शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत आठवड्याला एक तास दिला तर पुरे. शिवाय महाविद्यालयाने एक नोंदवही ठेवावी : आपले कोणते विद्यार्थी कुठल्या विभागात गेले, काय शिकले, किती खर्च आला, पुन्हा निवड करायची तर काय करतील. असे दहा वर्षांचे टिपण आपल्या ग्रंथालयात असते तर दिलसुखनगरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडल्या असत्या. मराठी आणि कन्नड दोन्हीत ते असावे, कारण ते मुलांइतकेच आईवडिलांनी वाचायचे आहे.

ज्यांना या वर्षी अर्ज करायचे आहेत त्यांच्यासाठी वेळेचे सांगतो. अमेरिकेतील पुष्कळ विभागांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते, म्हणजे वही ऑगस्टपर्यंत भरायला हवी, आणि शिफारसपत्रासाठी सरांना ऑक्टोबरात भेटायला हवे, तेही वही घेऊन. जर्मनीला जायचे तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागू झाले. त्याला वेळ लागतो, तो आधी धरावा. भारतातल्या केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा आहे, आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’ निराळी. साहाय्यासह प्रवेश देऊ करणाऱ्या बहुतेक अमेरिकी विद्यापीठांनी उत्तरासाठी १५ एप्रिलपर्यंत सवड द्यायचे आपसात मान्य केलेले आहे. कोणी त्याआधी ‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ असे म्हणाले, तर ते विद्यापीठ बोलते आहे की मधला माणूस, हे विद्यापीठालाच पत्र लिहून विचारावे.